चार बांबू, परत तिथंच

माझ्या बहिणीसारखी बाई आख्ख्या वसई तालुक्यात दुसरी नाही. हे मी कोणाच्याही तोंडावर सांगतो. मी काळूराम, शिक्षण नववी, आणि तीही दोनदा. मंडप-डेकोरेशनचा धंदा. नायगावपासून चांदीपपर्यंत कुठेही लग्न असू दे, कमान चांगली दिसली तर समजायचं काळूरामची आहे. पण ही गोष्ट माझी नाही, रचनाची आहे. मी मध्ये मध्ये येतो, त्याला इलाज नाही. तिच्या आयुष्यात जे चांगलं झालं त्याच्या सुरुवातीला मी होतो, आणि जे वाईट झालं त्यातही मीच होतो.

रचना चिखलाची शास्त्रज्ञ. हसू नका, आधी ऐका. तळ्याच्या नाहीतर खाडीच्या तळाशी काळा गाळ असतो, त्यात काय चाललंय ते ती मोजते. वरून पानं पडतात, शेवाळ मरतं, मासे मरतात, सगळं खाली जाऊन बसतं. खाली हवा नसते. हवेशिवाय जगणारे बारीक जीव ते खातात आणि त्यातून मिथेन सुटतो. गोबर गॅसच्या टाकीत असतो तोच. थोडा बुडबुड्यांतून वर येतो, हवेत जातो आणि जगाचा उन्हाळा वाढवतो. पण सगळा येत नाही. त्याच गाळात दुसरे जीव असतात, ते त्याला वाटेतच खाऊन टाकतात. खारं पाणी असलं की खाणाऱ्यांचं फावतं, गोडं असलं की गॅस जास्त सुटतो. आणि जे कोणाच्याच तोंडी लागत नाही ते कार्बन होऊन शेकडो वर्षं खाली दबून राहतं. हे नववीवाला माणूस सांगतोय, कारण तिनं मला बांधावर बसवून शिकवलंय. तिच्या कॉलेजच्या पोरांना दोन वर्षांत कळत नाही, मला चार संध्याकाळींत कळलं.

आमचा पाडा जूचंद्रच्या पलीकडे, खाडीला लागून. पाड्याचं एक तळं. बांधात लाकडी झडप आहे, तिला आम्ही उघाडी म्हणतो. मोठ्या भरतीला उघाडीतून खाडीचं पाणी आत येतं, पावसात वरून गोडं येतं. म्हणजे तळं अर्धं खारं, अर्धं गोडं. असं तळं मिळायला नशीब लागतं, असं रचना म्हणायची. आम्हाला आमचं नशीब माहीत नव्हतं. आम्ही त्यात म्हशी धुवायचो.

ती सात वर्षांची असताना मी तिला एक गंमत दाखवली. मी तेव्हा सतरा वर्षांचा. डालड्याचा रिकामा डबा घेतला, बुडाला खिळ्यानं भोक पाडलं, भोकावर बोट ठेवून डबा पाण्यात पालथा धरला आणि काठीनं खालचा गाळ ढवळला. बुडबुडे डब्यात जमले. मग बोट काढलं, डबा खाली दाबला आणि भोकाशी काडी धरली. भक्‌ करून निळी ज्योत. उन्हात ती ज्योत दिसत नाही, म्हणून अंगातला शर्ट काढून आडोसा केला होता. रचनानं ते पाहिलं आणि तिचे डोळे अजून मला आठवतात.

“दादा, चिखल कसा पेटला?”

मी सांगितलं की खाली एक म्हातारा बसलाय, तो विडी ओढतोय. तिनं काही ते मानलं नाही. शाळेत गॉडफ्रे सरांना जाऊन विचारलं. सर भुईगावचे, रोज स्कूटरवरून आमच्याकडे विज्ञान शिकवायला यायचे. त्यांनी खरं सांगितलं, आणि वर पोरीला म्हणाले की तुझ्या भावाला सांग, चांगला प्रयोग केला. तर ही तिची पहिली प्रयोगशाळा, आणि ती उघडली मी.

पुढचं थोडक्यात सांगतो, नाहीतर लोक म्हणतील काळू सुरू झाला. वसईत बी.एस्सी., मुंबईला एम.एस्सी., गोव्याला डॉक्टरेट. मग दोन वर्षं जर्मनी. तिथे तिला कायमची नोकरी देत होते. तिनं नको सांगितलं आणि परत आली, आमच्याच तळ्यावर काम करायला. पाड्यातले लोक मला चिडवायचे, “काय काळूशेठ, बहीन परदेशात जाऊन आली ती चिखल काढायला?” मी म्हणायचो, “तू जन्मभर चिखलात लोळलास, तुला कोनी विमानाचं तिकीट दिलं काय?”

चार वर्षं. दर महिन्याला, एकाच भरतीला, एकाच चार जागांवर. जागा ओळखू याव्या म्हणून तिनं पाण्यात चार बांबू रोवले होते. बांबूच्या शेजारी काचेसारखी आरपार दिसणारी नळी गाळात सरळ घुसवायची, वरून रबरी बूच लावायचं आणि हळू वर काढायची. नळीत गाळाचे थर दिसायचे, वर तपकिरी, मग काळा, मग राखाडी. नळी आडवी करायची नाही, हलवायची नाही. माझ्या टेम्पोत मी ती मांडीवर उभी धरून बसायचो, गणपती आणताना धरतो तशी. खड्डा आला की ड्रायव्हरला शिवी. पहिल्याच वर्षी तिनं सांगितलं होतं, बांबूंना कोणी हात लावू देऊ नको. नाही लावू दिला. पोरांना हाकललं, म्हशी दुसरीकडे वळवल्या. एकदा एकानं बांबूला जाळं बांधलं तर त्याच्या घरी जाऊन तमाशा केला.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ती एक दिवस घरी आली आणि आयसमोर बसून बोलली. जर्मनीवाल्यांना आपल्या देशात एक मोजणी केंद्र टाकायचंय. एकच. दहा वर्षं चालेल, चालवणारी रचना. दोन जागा काढल्यात, पहिली आपलं तळं, दुसरी केरळातलं एक तळं. मे महिन्यात तिकडचे मोठे प्रोफेसर येतील, जागा बघतील आणि ठरवतील.

“हे झालं ना दादा, का मी कुठंच जानार नाय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आयनं मागची खोली झाडून घेतली आणि माझ्या मंडपाच्या खुर्च्या तिथून बाहेर काढायला लावल्या.

रचना लिखाण पुरं करायला गोव्याला गेली. तिथून फोनवर म्हणाली, मोजायचं होतं ते सगळं मोजून झालं, आता ते फक्त येऊन जागा बघतील.

आता माझ्या धंद्यात जागा बघायला पार्टी येते म्हणजे काय ते मला माहीत आहे. हॉलचा कोपरा घाण दिसला तर पार्टी निघून जाते. आणि मे महिन्यात आमचं तळं म्हणजे काय सांगू. पाणी आटतं, कडेला काळा चिखल उघडा पडतो, सडक्या अंड्यासारखा वास मारतो. रचना चोवीसची असताना विरारहून एक स्थळ बघायला आलं होतं. मुलाच्या आईनं आमच्या अंगणात नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, इथे कायम असाच वास येतो का? चहा तसाच ठेवून गेले. रचना ते विसरली असेल, मी नाही. माझ्या बहिणीसाठी जर्मनीहून माणूस येणार आणि तोही नाकाला रुमाल लावणार, हे मी बघून घेणार नव्हतो.

आमच्यात जुनी रीत होती. मोठं कार्य असलं, पाहुणे यायचे असले की वैशाखात सगळा पाडा मिळून तळ्याचा गाळ काढायचा आणि ज्यानं त्यानं आपापल्या शेतात टाकायचा. तळं साफ आणि शेताला खत. शेवटचा गाळ निघाला तो रचनाच्या जन्माआधी, बापूस पुढे होता. मग शेती सुटली, रीत सुटली. मी म्हटलं, रचनासाठी पुन्हा काढू. घरोघर फिरलो. जे मला चिडवायचे तेही घमेली घेऊन आले. माझ्या चुलतभावानं, प्रितेशनं, जेसीबी आणला. तीन दिवस चाळीस माणसं राबली. खालची पिवळी माती लागेपर्यंत काढला, कोपरा सोडला नाही.

आयनं एकदा विचारलं होतं.

“रचूला विचारलंस काय?”

“सरप्राइज हाय, आय.”

“तळं तिचं हाय, काळू.”

“तिचं हाय म्हनूनच.”

आणि बांबू. लोकांनी मला बेअक्कल म्हटलं तरी हे लक्षात ठेवा की बांबू मी विसरलो नव्हतो. काढायच्या आधी घाटाच्या पायरीपासून टेप लावून चारही जागा मोजल्या, वहीत आकृती काढली. गाळ निघाल्यावर चारही बांबू परत तिथंच रोवले, दोरी धरून. मंडपाचा खांब मी असाच लावतो, बोटभर इकडे-तिकडे होत नाही. वर लाल-पांढरा रंग दिला. मोठ्या भरतीला उघाडी उघडून पाणी घेतलं. आमचं तळं तसं मी जन्मात पाहिलं नव्हतं. खाली बघावं तर बांबूचा बुंधा दिसायचा.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी घाटावर जूचंद्रच्या पोरांनी रचनाच्या चेहऱ्याची रांगोळी काढली होती, हुबेहूब. कमान होती. “डॉ. रचना यांच्या सन्मानार्थ गाळमुक्त तळे” असा पत्र्याचा बोर्ड. गॉडफ्रे सर आता रिटायर झालेत, त्यांना मी प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ते सगळ्यांच्या आधी आले. कमानीकडे बघितलंच नाही. पाण्याकडे बघत उभे राहिले आणि हळूच विचारलं, “काळूराम, गाळ कुठाय?”

मी छाती काढून सांगितलं, शेतात. सर खुर्चीवर बसले आणि चष्मा काढून हातात धरला. मला वाटलं ऊन लागलं, म्हणून मी सरबत पाठवलं. ते त्यांनी घेतलं नाही.

मग गाडी आली. मी गोरा साहेब येणार म्हणून मोठा हार केला होता, उतरली एक बुटकी म्हातारी बाई. पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. चिखलात उतरायच्या तयारीनंच आली होती. हार तिच्या गमबुटांपर्यंत आला, ती हसली. मागून रचना उतरली. तिनं रांगोळी बघितली नाही, बोर्ड बघितला नाही. पाणी बघितलं. मग बांबू बघितले, एक, दोन, तीन, चार.

“बघ, जागच्या जागी,” मी म्हणालो.

बाईनं तिला इंग्रजीत काहीतरी विचारलं. रचनानं दोन शब्दांत उत्तर दिलं. बाई काठाशी गेली, वाकली आणि वास घेतला. खरंच, ती वास शोधत होती. मग उभी राहिली आणि कसं वागावं ते न कळून माझ्याकडे आली. माझा हात हातात घेतला आणि बोटांनी हवेत डब्याचा आकार करून, काडी ओढल्यासारखं केलं. रचनानं तिकडे जर्मनीत माझ्या डब्याची गोष्ट सांगितली होती. सगळ्यांना सांगितली होती, की माझ्या दादानं मला हे पहिल्यांदा दाखवलं. चाळीस माणसांसमोर त्या बाईनं मला ओळखलं. मला त्या वेळी आकाश ठेंगणं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

डबा मी तयारच ठेवला होता. नवा, फीत बांधलेला. पँट वर करून पाण्यात उतरलो. माझा मुलगा कल्पेश मोबाइलवर शूटिंग करत होता. डबा पालथा धरला, काठी खाली घातली. काठी टक्‌ करून लागली. खाली कडक माती. ढवळली तर पिवळं पाणी वर आलं, बुडबुडा एक नाही. दुसऱ्या बांबूपाशी गेलो. तिसऱ्या. काठावर सगळे बघत होते. आता मागे कसं फिरायचं, म्हणून मी रिकाम्या डब्यावर काडी पेटवून धरली. ती माझ्या बोटापर्यंत जळत आली.

“दादा, राहू दे,” रचना म्हणाली.

मला तेव्हा कळलं की काहीतरी झालंय. काय ते कळलं नव्हतं. ती मला शेतावर घेऊन गेली, म्हणजे ती पुढे चालली आणि मी मागे. आमच्या शेतात गाळ पसरला होता, आठ दिवसांच्या उन्हानं वाळून भेगा पडल्या होत्या. तिनं एक ढेकूळ उचललं आणि हातानं फोडलं. आतही कोरडं.

“वरचा हातभर कुठला, खालचा कुठला, काय सांगता येईल तुला?”

“सगळं एकत्रच टाकलं ना जेसीबीनं.”

“हा आता गाळ नाय, दादा. माती हाय.”

“माती म्हंजे चांगलीच ना?” मी विचारलं.

तिनं हात झटकले. “शेताला चांगली हाय,” म्हणाली.

बाईनं पाड्यात जेवण केलं, आयच्या हातच्या बोंबलाला चांगलं म्हणाली, सगळ्यांना हात जोडले. जाताना गमबूट काढून पिशवीत ठेवले. त्यांना चिखलाचा ठिपका नव्हता.

खरं मला आठवड्यानं गॉडफ्रे सरांनी सांगितलं. भुईगावला त्यांच्या वाडीत बसवलं आणि शाळेत कधी बोलले नव्हते तेवढे हळू बोलले. बांबू म्हणजे फक्त खूण, काळूराम. मोजायचं होतं ते खाली होतं. चाळीस वर्षं कोणी हात न लावलेला गाळ, एकावर एक थर, म्हणून तर तळं पहिल्या नंबरावर होतं. त्यात तिनं चार वर्षं मोजलेलं होतं, आणि त्याच्यावरच पुढची दहा वर्षं रचायची होती. आता नव्यानं सुरू करायचं म्हटलं तर आधी तळ्यातलं सगळं मरून, सडून, खाली बसायला पाहिजे. मी विचारलं, किती दिवस? सर म्हणाले, तुझा नातू रिटायर होईल.

केंद्र केरळात गेलं. ते चालवायला तिकडचा एक माणूस घेतला, आणि रचना त्याच्या हाताखाली लागली. जर्मनीवाल्यांना ती हवीच होती, पण जागा दुसऱ्याची. मागच्या खोलीत आयनं पुन्हा खुर्च्या ठेवायला लावल्या.

जाताना रचना मला एक शब्द वाईट बोलली नाही. मी वाट बघत होतो. मला वाटायचं, शिव्या देईल, रडेल, आयला सांगेल की ह्या नववी नापासानं माझी वाट लावली. मग मीही बोललो असतो. म्हटलं असतं की तू एवढी शिकलीस, मला बांधावर बसवून मिथेन शिकवलास, जीव शिकवलेस, मग एक वाक्य नाही सांगितलंस की गाळ म्हणजेच सगळं? बांबूंना हात लावू नको म्हणालीस, मी बांबू सांभाळले. पण ती बोललीच नाही, मग माझं बोलणं माझ्यापाशीच राहिलं. दर रविवारी फोन करते. आयशी आमच्या बोलीत बोलते, पानी, कोन, म्हावरं, सगळं. मग आय फोन माझ्याकडे देते आणि ती म्हणते, “कसा आहेस? पाऊस पडतोय का तिकडे?” शुद्ध. पाहुण्यांशी बोलतात तसं.

त्या वर्षी आमच्या शेतात भात असा आला की लोक बघायला यायचे. कमरेच्या वर. आयनं पहिला तांदूळ रचनाला पाठवला, तिनं चांगला आहे म्हणून कळवलं. माझ्या गळ्याखाली तो उतरत नाही, मी बाजारातला आणतो. आणि वॉर्डाच्या एका कार्यक्रमात स्वच्छ तळ्यासाठी मला शाल-श्रीफळ दिलं. फोटो काढला. मी तो फोटो हसून काढला, कारण चाळीस माणसांसमोर रडता येत नाही.

आता तीन वर्षं झाली. मी तळ्याला कोणाला हात लावू देत नाही. पानं पडू देत, शेवाळ येऊ दे. म्हशी येऊ देत नाही, निर्माल्य टाकू देत नाही. समोर नवे टॉवर झालेत, तिथली माणसं संध्याकाळी फिरायला येतात. गेल्या उन्हाळ्यात पुन्हा थोडा वास सुटला. मला बरं वाटलं, त्यांना नाही. त्यांनी पालिकेत अर्ज केला की तळं साफ करा. अर्जाला फोटो जोडला, माझाच. शाल घेतलेला, मागे बोर्ड, “गाळमुक्त तळे”. साहेब बघायला आले तेव्हा म्हणाले, “तुम्हीच तर केलं होतं ना साफ? मग आता काय अडचण आहे?”

मी भांडलो. टॉवरच्या सेक्रेटरीला सांगितलं की जेसीबी आला तर आधी माझ्यावरून जाईल. टॉवरमधली एक बाई हसली, म्हणाली, काका, चिखलासाठी एवढं? तिला मी सगळं सांगितलं, मिथेन, खारं पाणी, गोडं पाणी, थर. ती मोबाइल बघत होती.

रविवारी फोनवर रचनाला सांगितलं. वाटलं, आता तरी.

“कोणाशी भांडू नकोस, दादा,” ती म्हणाली. “साफ करायचं तर करू दे त्यांना. ती जागा आता कामाची नाही.”

मी बरं म्हणालो. आयला फोन परत दिला.

परवा दुपारी जुना डबा काढला, फितीवाला नव्हे, तो लहानपणचा, गंजलेला. तळ्यावर कोणी नव्हतं. तिसऱ्या बांबूपाशी उतरलो, रंग उडालाय त्याचा. काठी घातली तर या वेळी टक्‌ झालं नाही. बोट-दोन बोटं मऊ लागलं. ढवळत राहिलो, हात भरून आला. दोन-चार बुडबुडे डब्यात गेले, आवाज आला. डबा दाबला आणि भोकाशी काडी धरली.

काही दिसलं नाही. वाटलं, गेलं. मग आठवलं की उन्हात ती ज्योत दिसत नाही. आडोसा करायला शर्ट काढायचा राहिला होता. बघावं म्हणून बोट भोकावर नेलं, आणि चटका बसला.

घरी आलो. आयनं विचारलं, बोटाला काय झालं? म्हटलं, काय नाय, चहाचं भांडं लागलं.